मदत हवी आहे : आमवात, मोडणारी झोप आणि आईचे खचलेले मन

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. आईला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आमवात, असून आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू आहे. सूज बरीच उतरली आहे. तरीही पहाटे तिला जाग येते आणि आखडलेली बोटे चोळत, उदास मनाने ती उजाडण्याची वाट पाहत पडून राहते. या आजारात दाह वाढवणारे इंटरल्यूकिन-६ हे प्रथिन पहाटेच वाढते, झोप मोडली की वेदना अधिक जाणवतात आणि वेदनेने पुन्हा झोप मोडते, एवढे मला समजले आहे. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडमुळे झोप उडू शकते, म्हणून ती गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सकाळीच देतो. (रंकाळा तलावावर फिरायला न्या, असे सगळेच सांगतात, आखडलेल्या गुडघ्यांनी कसे, ते कोणी सांगत नाही.)

निद्रानाशासाठीची सीबीटी-आय (विचार आणि झोपेच्या सवयी बदलणारी) ही औषधाविना उपचारपद्धती कोल्हापुरात मराठीतून देणारे कोणी माहीत आहे का? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दीर्घ आजाराच्या रुग्णाला नियमित पाठपुरावा मिळाल्याचा अनुभव असल्यास तोही कळवावा. मुख्य अडचण वेगळीच आहे : मानसोपचारतज्ज्ञांचे नाव काढताच ‘मला काय वेड लागलंय?’ असे आई विचारते. तिची समजूत कशी घालावी, हे अशा घरातील कोणी सांगितल्यास फार उपकार होतील.