कोआला अस्वलात का धरत नाहीत?

दिसायला अस्वल, केसाळ, गोल तोंड, मग कोआलाला अस्वल का म्हणायचं नाही, हा मूळ प्रश्न आणि त्यावर 'तो पाला खातो म्हणून' असं उत्तर आलंय, ते मला पटत नाही, कारण पांडाही बांबूच खातो की आणि तो अस्वलच आहे. खाण्यावरनं नाही ठरत हे, पिल्लू कसं वाढतं ते बघा.

आपल्या राधानगरी-दाजीपूरकडचं अस्वल घ्या, त्याचं पिल्लू आईच्या पोटात नाळेवर पोसलं जातं. कोआलाचं तसं फार काळ चालत नाही, पिल्लू साधारण ३५ दिवसांत जन्मतं तेव्हा जेमतेम २ सेंटीमीटरचं, शेंगदाण्याएवढं, अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, आणि तेवढंसं ते स्वतःच्या पुढच्या पायांनी आईच्या केसातनं सरपटत पिशवीत जातं आणि तिथं स्तनाला चिकटून बसतं, पिशवीतच राहतं ते पुढं सहाएक महिने! लई भारी वाटतं मला हे. नंतर आई त्याला स्वतःची एक खास पातळ विष्ठा खायला देते, ऐकायला कसंतरी वाटेल, पण निलगिरीचा विषारी पाला पचवणारे जंतू त्यातनंच पिल्लाच्या पोटात जातात.

म्हणून तो कांगारूच्या गटात, शिशुधानी म्हणजे पिशवीत पिल्लू वाढवणाऱ्या प्राण्यांत, आणि जिवंत प्राण्यांत त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे बिळं खणणारा वॉम्बॅट. पिल्लाला पाठीवर घेऊन फिरायची सवय मात्र आपल्या अस्वलिणीलाही आहे, पण एका सवयीनं भावकी जुळत नाही.