लघुपटाला ऐंशीच्या दशकातला काळोखी सिंथचा बाज कसा आणायचा?

चिमणीखाली (प्रश्न)
बारा मिनिटांचा लघुपट. सोलापुरात पूर्व भागातली यंत्रमागाची शेड, रात्रपाळी, संवाद जवळपास नाहीतच. पार्श्वसंगीत १९८०-८५ च्या काळोख्या पॉपसारखं हवंय: थंड सिंथ (सिंथेसायझर), 'ढप्' करून तुटणारा स्नेअर (ड्रममधला कडक वाजणारा ढोल), पुढे पुढे धावणारा बेस. लॅपटॉपवर रीपर (ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगचं सॉफ्टवेअर) आणि फुकटचे प्लगइन आहेत. सगळ्यावर रिव्हर्ब (घुमारा) टाकला तर देवळाच्या सभामंडपात बँड वाजवल्यागत नुसतं घुमतंय. चुकतंय कुठं?

धोटा_फणी
रिव्हर्ब टाकलाय, पण तोडलेला नाही. तो 'ढप्' म्हणजे गेटेड रिव्हर्ब: आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणारं गेट लावून घुमारा मध्येच तोडायचा. ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएलच्या १९८० च्या अल्बमचं काम लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत चालू होतं, ड्रमवर फिल कॉलिन्स, ध्वनिमुद्रणाला ह्यू पॅडगम. वादकाचं बोलणं ऐकायला टांगलेल्या माइकवर जबर कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज एका पातळीला आणणारा) होता. त्यातून ड्रम आले, पुढे गेट लागला आणि हा आवाज जन्मला. गॅब्रिएलनं झांजाही काढून टाकायला लावल्या होत्या. तुम्हीही हायहॅट (पायानं मिटणारी झांजांची जोडी) काढून बघा, निम्मं काम तिथंच होतंय.

रीपरमध्ये स्नेअरवरून वेगळ्या ट्रॅकला सेंड द्या (त्याच्या आवाजाची एक प्रत तिकडे पाठवा). तिथं आधी रिव्हर्ब (डिके म्हणजे घुमारा विरण्याचा वेळ २ ते २.५ सेकंद, फक्त वेट, म्हणजे मूळ आवाज नको, नुसता घुमारा), त्याच्या खाली रीगेट (रीपरचंच गेट). क्रम उलटा झाला तर शेपूट तशीच लोंबत राहते. कोरडा स्नेअर त्याच ट्रॅकच्या ३/४ चॅनलवर पाठवा आणि रीगेटचं डिटेक्टर इनपुट ऑक्झिलरीवर ठेवा, म्हणजे गेट त्या कोरड्या स्नेअरवर उघडेल. हे केलं नाही तर गेट स्वतःच्याच शेपटीवर उघडझाप करत थडथडतो. होल्ड (गेट उघडं राहण्याचा वेळ) १५० मिलिसेकंदांपासून सुरू करा, रिलीज (मिटण्याचा वेळ) २०-३०. ११० बीपीएमला (मिनिटाला ११० मात्रा) एक मात्रा ५४५ मिलिसेकंदांची होते. तिचा निदान अर्धा भाग गप्प राहिला पाहिजे. काळोख त्या गप्प जागेत असतो ओ, घुमण्यात नाही.

काळी_चार
वरचं बरोबर. सुरांचं सांगतो.

शेडमध्ये विजेची गुणगुण असणारच, ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतली. ती गाळत बसू नका, तिलाच सा करा. खालची पांढरी पाच ४९ हर्ट्झची, म्हणून सगळे सिंथ ३५ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर भाग, त्यातले ३५) वर चढवा, गुणगुण सुरात बसते. मग सा पांढरी पाच, कोमल रे काळी चार, पंचम पांढरी दोन. एवढ्या तीन सुरांवर चार मिनिटं निघतात. अख्खा भैरव मांडू नका, लगेच पहाटेचं भजन होतं. (चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच टीबी-३०३ (बेस सिंथ) आणि टीआर-८०८ (ड्रममशीन) वर राग वाजवले होते, पण ते नाचायला.)

पॅडला (मागे लांब धरलेल्या सिंथच्या सुरांना) दोन ऑसिलेटर (सूर काढणारे भाग), एकमेकांपासून ६-७ सेंट हललेले, वरचा चरचरीतपणा कापणारा लो-पास फिल्टर, अटॅक (आवाज चढायचा वेळ) सेकंदभर. टाल-नॉइजमेकर हा फुकटचा सिंथ पुरतो. बेस गिटार असेल तर वरच्या पट्ट्यांवर (फ्रेटवर), सातव्याच्या पुढे, चाल वाजवा आणि कोरस (एकच आवाज किंचित हलवून दुहेरी करणारा इफेक्ट) लावा. मात्र २०० हर्ट्झच्या खालचं कोरसमधून नेऊ नका. स्टीरिओ कोरस मोनोत (डावं-उजवं एकाच आवाजात) एकत्र आला की डावं-उजवं एकमेकांना खातं, आणि मोबाइलच्या एका स्पीकरवर बेस पोकळ लागतो. मिक्स झालं की मोनो बटण दाबून ऐकाच.

चिमणीखाली
स्नेअर जमला, होल्ड १७० वर थांबलो. आता मागाचाच आवाज ड्रममशीनच्या जागी वापरता येईल का?

धोटा_फणी
येईल की. फक्त धोट्याचा (आडवं सूत इकडून तिकडे नेणारा) जुना माग शोधा. बिनधोट्याच्या मागाला तो फटकाच नसतो. जुन्या मागात दर फेऱ्याला दोन आवाज नीट वेगळे ऐकू येतात: धोटा फेकला जातो तो कोरडा 'फट्', आणि फणी कापडावर आदळते तो लाकडी 'धड'. धड म्हणजे किक (पायानं वाजणारा मोठा ढोल), फट् म्हणजे स्नेअर.

फोननं घेणार असाल तर आवाज आपोआप कमी-जास्त करणारी आणि गोंगाट दाबणारी सोय बंद करता येणारं अ‍ॅप घ्या, वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ. पातळी -१२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. मागाशेजारी उभं राहिलात तर माइकच फाटतो, दारात उभे राहा. एकच माग चालू ठेवायला सांगा, दहा मागांचा नुसता पाऊस ऐकू येतो. आणि सलग तुकडा ग्रिडवर (रीपरमधल्या मात्रांच्या रेघांवर) बसवायला जाऊ नका. पट्टा घसरतो, व्होल्टेज हलतं, लय डुलते. एक धड, एक फट् कापून घ्या आणि हातानं मांडा. पाच मात्रांत मांडलं तर आणखी बेचैन वाटतं. जॉन कार्पेंटरच्या १९७८ च्या 'हॅलोविन' या भयपटाची धून पाच मात्रांचीच आहे.

काळी_चार
चित्राचं एक राहिलं. ट्यूबलाइटखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर पट्टे सरकतात. त्या काळच्या सिनेमातला धुरकट झोत हवा म्हणून कोणी धूप पेटवायला सांगेल, शेडमध्ये अजिबात नको. सुताची तूस क्षणात पेट घेते. खिडकीबाहेरून एकच दिवा आत मारा, हवेत उडणारी तूसच झोत दाखवते.