अनुभव धागा: मनाच्या गोळ्या आणि अंगाची दुखणी

शुगर, बीपी, थायरॉइड, किडनी यांपैकी काही आणि जोडीला नैराश्य, बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया, असं दोन्ही ज्यांच्या घरात आहे त्या मराठवाड्यातल्या मंडळींनी इथं लिहावं. खरं नाव नको. डोसही सांगू नका, एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

जालन्याची वहिनी
दिराला बायपोलर (मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं), त्यावर लिथियमची गोळी चालू. मे महिन्यात दिवसभर रानात, पाणी टँकरचं, तेही पुरवून पुरवून प्यायचं. कंबर धरली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून खाल्ल्या. चार-आठ दिवसांत हात कापायलेत, झोकांड्या जायलेत, उलट्या, जुलाब. गावात कुणी म्हणे ऊन लागलं, कुणी म्हणे डोकं परत फिरलं. शहरात नेल्यावर डॉक्टरांनी रक्तातलं लिथियम तपासलं, तर ते वाढलेलं! अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी लिथियम नीट बाहेर टाकत नाही, आणि या दुखण्याच्या गोळ्यांनी ते आणखी साठतं. आता उन्हाळ्याच्या तोंडाला तपासणी ठरलेली. थायरॉइड आणि क्रिएटिनीनही (किडनीची रक्ततपासणी) अधूनमधून बघतात. निर्जळी उपास बंद. सासूबाई रुसल्या, रुसू द्या.

लातूरकर
आईला जुनी शुगर. मध्येच इन्सुलिन सोडायची, "घेऊन काय करायचंय आता" म्हणायची. फिजिशियन दर वेळी तीन महिन्यांची शुगर बघून रागवायचे. झोप लागते का, रडू येतं का, हे कुणी विचारलंच नाही. शुगरवाल्यांत नैराश्य इतरांच्या साधारण दुप्पट दिसतं, हे मला मनोविकारतज्ज्ञांकडं गेल्यावर कळलं. नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या, आई पुन्हा वेळेवर जेवायला लागली, मग शुगरही हळूहळू उतरली.

हिंगोली
ओलान्झापाइन या मनाच्या गोळीनं कानात येणारे आवाज थांबले. पण भूक आवरत नाही, वजन वाढलं, आता शुगरही काठावर. पाहुणे म्हणतात, तोंडाला आवर घाल. त्यांना काय सांगावं!

बीड, ऊसतोडवाली
गर्भपिशवी काढलेली. त्यानंतर झोप गेली, घाम फुटायचा, रडू यायचं. नैराश्याच्या गोळ्या लागल्या. पुढं पोटात उजवीकडं दुखायलं तर फाईल बघून म्हणाले, टेन्शनचं आहे, जा. दुसरीकडं सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे निघाले. मनाची गोळी खाणाऱ्या बाईचं पोट दुखत नसतं काय?

धागाकर्ती
@हिंगोली, गोळी मनानं बंद करू नका. वजन आणि शुगर वाढायलीय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, औषध बदलता येतं. @बीड, ताई, दोन्हीकडच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरपुढं सगळ्या मांडा. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस ही मनाच्या आजारांसाठीची सरकारी हेल्पलाइन, 14416, मोफत आहे, मराठीत बोलतात.

नांदेड
अब्बांनाही लिथियम आहे, शिवाय बीपी. रोजे धरायचं म्हणतात. वहिनी, तुमचं वाचून घाबरलो.

जालन्याची वहिनी
रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटा, दादा. धरायचे की नाही ते पातळी बघून सांगतील. आणि बीपीची गोळी कोणती ते आधी दाखवा, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही लिथियम चढतं.