नवा संगणक जुळवला, पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही : दोष बायोसचा, बोर्डाचा की प्रोसेसरचा?

नमस्कार,

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीसाठी मी घरी संगणक जुळवला आहे, परंतु तो सुरू होत नाही. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानातून घेतले असून आम्ही चिपळूणला राहतो, त्यामुळे नेमका कोणता भाग परत न्यायचा हे ठरल्याशिवाय मुंबईची फेरी करण्यात अर्थ नाही. दुकानदार सर्व भाग चांगले असल्याचे सांगतात आणि पूर्ण कॅबिनेट घेऊन या म्हणतात. मुलीचे सबमिशन जवळ आले आहे, म्हणून जाणकारांनी शक्य तितक्या लवकर मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रोसेसर रायझेन ५ ५६०० आहे. मदरबोर्ड बी४५० चिपसेटचा (बोर्डावरील मुख्य नियंत्रक चिपचा) आहे. त्याच्या कंपनीचे नाव देत नाही, कारण माझी शंका कंपनीविषयी नसून बोर्डावरील बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डावरील चिपमध्ये साठवलेल्या प्रोग्रामच्या) आवृत्तीविषयी आहे. डीडीआर४ रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, ५५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा डबा) आणि एक एनव्हीएमई एसएसडी अशी बाकीची जुळणी आहे. या प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नसल्यामुळे एचडीएमआय केबल ग्राफिक्स कार्डालाच जोडली आहे, आणि तोच मॉनिटर त्याच केबलने लॅपटॉपवर व्यवस्थित चालतो.

बटण दाबल्यावर सर्व पंखे फिरू लागतात आणि फिरतच राहतात. संगणक मध्येच बंद पडत नाही, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ याखेरीज काही येत नाही आणि कीबोर्डचे नम लॉक दाबून त्याचा दिवा बदलत नाही. मदरबोर्डच्या कडेला सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड) आणि बूट असे चार छोटे दिवे आहेत; सुरू होताना ज्या टप्प्यावर संगणक अडतो त्याचा दिवा लागून राहतो. त्यांपैकी सीपीयूचा लाल दिवा जो लागतो तो तसाच राहतो. बोर्डाला छोटा स्पीकर लावून पाहिला, त्यातूनही कोणताच आवाज येत नाही.

नेहमी सुचवल्या जाणाऱ्या तपासण्या केल्या आहेत. २४ पिनांचा मुख्य कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ८ पिनांचा कनेक्टर खटका लागेपर्यंत बसवले आहेत; त्या ८ पिनांच्या जागी ग्राफिक्स कार्डाची वायर गेलेली नाही, हे वायरीवरील अक्षरे वाचून पाहिले. रॅमची एकच स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून, मग दुसरी स्टिक लावून पाहिली. वीज पूर्ण तोडून बोर्डावरील सेल काढला आणि बायोसमधील सेटिंग पुसणारा सीमॉसचा जंपरही जोडून पाहिला. कॅबिनेटच्या पत्र्याला बोर्ड टेकून शॉर्ट होत असेल म्हणून तो बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवला, तरीही फरक पडला नाही. एसएमपीएसच्या १२ व्होल्टच्या तारेवर मल्टिमीटरने १२.१ व्होल्ट मिळतात, म्हणजे पाच टक्क्यांच्या मर्यादेत आहेत. भार आल्यावर काय होते ते मात्र मल्टिमीटरच्या या मोजणीतून कळत नाही.

प्रोसेसरही काढून पाहिला. या बोर्डावरील एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवायच्या खाचेत) पिना प्रोसेसरच्या बाजूला असतात, त्यामुळे कूलर सरळ वर ओढला तर चिकटलेल्या थर्मल पेस्टबरोबर प्रोसेसरही उपटून येऊ शकतो. म्हणून कूलर हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवून सोडवला. टॉर्च आणि भिंग घेऊन पिनांच्या ओळी सर्व बाजूंनी तपासल्या, एकही वाकलेली दिसली नाही. कोपऱ्यातील सोनेरी त्रिकोणही सॉकेटवरील खुणेशी जुळतो.

माझी शंका बायोसवर येण्याचे कारण असे की बी४५० हा २०१८ सालचा चिपसेट आहे आणि रायझेन ५ ५६०० एप्रिल २०२२ मध्ये आला. जुन्या बायोसला हा प्रोसेसर ओळखताच येत नाही. बोर्डाच्या खोक्यावर रायझेन ५००० चालत असल्याचे स्टिकर नाही. बायोसच्या चिपवर तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत छापलेली पांढरी चिठ्ठी आहे. तिच्यावरील आवृत्ती, कंपनीच्या यादीत या प्रोसेसरसाठी दिलेल्या आवृत्तीपेक्षा जुनी दिसते. शिवाय दोन्ही रॅम काढून संगणक सुरू केला तरी दिवा सीपीयूवरच राहतो. माझ्या समजुतीप्रमाणे प्रोसेसर जागा झाला असता तर दिवा डीरॅमवर सरकायला हवा होता.

अडचण अशी की प्रोसेसर किंवा बोर्डच खराब असता तरी हीच लक्षणे दिसली असती. प्रोसेसरशिवाय केवळ पेनड्राइव्हवरून बायोस भरण्याचे फ्लॅशबॅक बटण या बोर्डावर नाही. तेव्हा दुसरा प्रोसेसर न लावता या तिन्हींतील फरक ओळखण्याचा काही मार्ग आहे का?

येथील एक दुरुस्ती करणारे गृहस्थ सीएच३४१ए प्रोग्रामरची (चिपवर थेट माहिती लिहिणाऱ्या छोट्या उपकरणाची) क्लिप थेट चिपला लावून नवे बायोस लिहून देण्यास तयार आहेत. मला त्यात धोका वाटतो, कारण तो प्रोग्रामर ३.३ व्होल्ट देतो आणि अनेक एएम४ बोर्डांवरील चिप १.८ व्होल्टच्या असतात. मध्ये व्होल्टेज उतरवणारा अडॅप्टर नसेल तर चिप जळू शकते. असे केल्यावर वॉरंटी टिकेल का, हाही प्रश्न आहे. कोणी हे प्रत्यक्ष केले असल्यास चिपवरील क्रमांकावरून तिचे व्होल्टेज कसे ओळखले ते कृपया लिहावे.

मला अधिक सुरक्षित वाटणारा मार्ग म्हणजे जुना प्रोसेसर थोडा वेळ लावून पेनड्राइव्हवरून बायोस अद्ययावत करणे. तसे करताना थेट सर्वांत नवी आवृत्ती टाकावी, की कंपनीने सांगितलेली मधली आवृत्ती आधी टाकणे भाग असते? नव्या आवृत्तीत काही बोर्ड जुन्या प्रोसेसरचा आधार काढून टाकतात. तसे झाले तर उसना प्रोसेसर पुन्हा लावून पाहता येणार नाही, म्हणून विचारतो. आमच्याकडे वीज केव्हाही जाते, परंतु यूपीएस आहे.

चिपळूण, खेड किंवा रत्नागिरी परिसरात कोणाकडे रायझेन ५ २६०० किंवा त्याच पिढीचा चालू प्रोसेसर असल्यास कृपया कळवावे. मी बोर्ड, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस आणि यूपीएस घेऊन तुमच्या सोयीच्या वेळी येईन, आणि प्रोसेसर तुमच्या समोरच लावून तुमच्या समोरच काढीन.