छोटा हत्ती टोचन करायला काय घ्यावं? सोल, वायर रोप का पट्टा?

कांदेवाला_मोहोळ
नमस्कार मंडळी. आमच्याकडं जुना डिझेल छोटा हत्ती (टाटा एस टेम्पो) आहे, मोहोळहून मार्केट यार्डात कांदा आणतो, आता गाडीचं वय झालंय म्हणून कधी पंप कधी क्लच असं चालूच असतं. मागच्या आठवड्यात बाळे गावाच्या अलीकडं हायवेला बंद पडला, नशीब भावाची पिकअप मागंच होती, घरातला निळा प्लास्टिकचा सोल (दोर) बांधून ओढायला गेलो तर पहिल्याच हिसक्याला तुटला, गाठ मारून परत बांधला तर पुढच्या चढाला परत तुटला आणि मागं ट्रकवाले हॉर्न मारून डोकं खायलते. आता कायमचं काहीतरी घेऊन गाडीतच टाकून ठेवायचंय. हार्डवेअरवाला म्हणतो वायर रोप घ्या, ऑनलाइन हुकवाला पट्टा दिसतोय "५ टन" लिहिलेला, आणि एक फॅब्रिकेशनवाला म्हणतो लोखंडी रॉडच करून देतो. बजेट दोन-तीन हजार. कधीमधी तुळजापूरला पण जाणं असतं, म्हणजे घाट आला. काय घेऊ?

ट्रॅक्टरवाला_अकलूज
डोळे झाकून वायर रोप घ्या मालक. सीझनला ऊसवाले सगळे तेच वापरतात, भरलेली ट्रॉली चिखलातून काढतो आम्ही, काय होत नाही.

गॅरेज_अण्णा
नको बे वायर रोप. ट्रॅक्टरचं वेगळं, तिथं पहिल्या गिअरला हळूहळू ताण येतो आणि हुक पण तसलाच दणकट असतो. हायवेवर वायर अजिबात लवचिक नसते, ताणली जात नाही, म्हणजे हिसका बसला की सगळा चासीच्या हुकावर नाहीतर पुढच्या गाडीच्या क्लचवर. आणि तुटली तर चाबकासारखी मागं येते, काच फोडून आत. वापरून वापरून तिच्या तारा सुटतात त्या हातात घुसतात ते वेगळंच. घरात असेल आणि वापरायचीच असेल तर मधोमध जुनी जाड चादर नाहीतर ओलं पोतं टाका, तुटली तरी वजनानं खाली बसते. सोलापुरात चादरीला काय तोटा!

तुमचा निळा सोल तुटला त्यात नवल काय नाही. तो प्लास्टिकचा, उन्हात राहून कडक होतो, आपल्याकडचं ऊन तर माहितीय. वर गाठ मारली की दोराची जवळपास निम्मी ताकद तिथंच गेली.

माझं ऐकाल तर क्रेनवाले माल उचलायला वापरतात तो पट्टा घ्या, दोन्ही टोकांना शिवलेला फासा असतो. रंगावरनं टन कळतो, जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३. ते आकडे कामाच्या लोडचे, तुटायचा आकडा त्याच्या कितीतरी वर, सातपटीचा हिशोब धरून बनवतात. ऑनलाइनच्या स्वस्त पट्ट्यावर "५ टन" असतं ते बहुतेक वेळा तुटायचंच वजन असतं, तेपण त्याच्या म्हणण्यानुसार. तुमचा छोटा हत्ती लोडसकट दीड टनाच्या आसपास, हिसका धरून हिरवा चालेल, पिवळा घेतला तर डोक्याला ताप नाही.

टोकाला ते पत्र्याचे उघडे हुक नकोत, ढील पडली की निसटतात आणि ताणात निसटले तर गोळीच. दोन डी शॅकल (आडव्या पिननं बंद होणारी डी आकाराची लोखंडी कडी) घ्या, त्यावर पण टन कोरलेला असतो, कोरलेलं नसेल तर दुकानातच ठेवा. पिन पूर्ण आवळायची आणि पाव आटा मागं घ्यायची, नाहीतर ताण पडल्यावर अशी जाम होते की पाना लावून पण हलत नाही.

नाईट_ड्रायव्हर_हैदराबाद_रोड
अण्णा बरोबर बोललेत पण सगळे ओढायचंच बोलायलेत, थांबवायचं कोण बोलंना. पट्टा असो का सोल, तो फक्त ओढतो. पुढच्यानं ब्रेक मारला की मागची गाडी तिच्या स्वतःच्या ब्रेकवरच थांबणार, आणि इंजिन बंद असलं की बूस्टरवाल्या (इंजिनच्या जोरावर ब्रेक हलका करणाऱ्या) गाडीचं पेडल एकदोनदा दाबल्यावर कडक होतं, अक्षरशः उभं राहून दाबावं लागतं. पॉवर स्टेअरिंग असेल तर ते पण जड. म्हणून मागच्या गाडीत पोरगं नको, जाणता ड्रायव्हर बसवा, चावी ऑन ठेवा नाहीतर स्टेअरिंग लॉक होतं, गिअर न्यूट्रल. मागच्यानं पट्टा कायम ताणलेला राहील असा हलका ब्रेक धरत यायचं, ढील पडली की पुढचा हिसका नक्की.

लांबी चार-साडेचार मीटर बास. नियमानं दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही, आणि पट्टा लांबून दिसला पाहिजे, मधी लाल फडकं बांधा. स्पीड वीसच्या आसपास. ओढणारी गाडी जड पाहिजे, तुमची पिकअप रिकामी आणि हत्ती कांद्यानं भरलेला असं नको, पोती आधी पिकअपमधे टाका, दोन्ही कामं होतात.

तुळजापूरच्या घाटात पट्ट्यानं टोचन करूच नका. चढाला ओढेल, उताराला मागची गाडी पुढच्याच्या फाळक्यावर. तिथं साइडला घ्या, मागं दगड लावा आणि क्रेन बोलवा. नॅशनल हायवेला १०३३ वर फोन लागतो, ते बाजूला काढायला येतात.

कांदेवाला_मोहोळ
मग घाटासाठी रॉड करून घेऊ का? फॅब्रिकेशनवाला पाण्याच्या पाइपाचा करून देतो म्हणतोय, स्वस्तात.

गॅरेज_अण्णा
पाण्याच्या पाइपाचा?? 😂 रॉडचा फायदा खरा आहे, अंतर कायम राहतं, मागची येऊन धडकत नाही, पण तेव्हा मागच्याचं सगळं वजन उताराला पुढच्या गाडीला ढकलतं. पाइप वाकला की संपलं. दोन्हीकडं चासीला नीट डोळा पाहिजे, जाड पिन पाहिजे, पिनला लॉक पाहिजे, हे सगळं नीट केलं तर तुमच्या बजेटमधे बसणार नाही. आणि मागची गाडी भरलेली असेल तर घाटात रॉडनं पण नको. वर्षातनं कधीतरी लागणार, त्यासाठी क्रेनचे पैसे देणं परवडतं.

स्कूटीवाली_सात_रस्ता
मधेच विचारते, आमची कार ऑटोमॅटिक आहे, सीव्हीटी. तिला हा पट्टा चालतो का?

नाईट_ड्रायव्हर_हैदराबाद_रोड
नाही ताई. चाकं फिरली आणि इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समधे ऑइल फिरत नाही, लांब ओढली तर आतनं भाजून निघते. पुढची चाकं उचलून नाहीतर सरळ फ्लॅटबेडवर. आणि डिकीत टूलकिटमधे टोइंगचा डोळा आहे का बघून ठेवा, बंपरवरचं छोटं झाकण काढून तिथं आवळायचा असतो. काही गाड्यांना उलटे आटे असतात, लोक सुलटा फिरवत बसतात आणि म्हणतात बसत नाही.

ट्रॅक्टरवाला_अकलूज
आमची वायर रोप बापाच्या काळापासून आहे हो, अजून काय झालं नाही. पण चादरीचं पटलं, टाकत जाऊ.

कांदेवाला_मोहोळ
ठरलं मग, पिवळा पट्टा आणि दोन शॅकल. बांधायचं कुठं? मागच्या वेळी बंपरलाच गुंडाळलं होतं. आणि ओळखीचा एक क्रेनवाला वापरलेला पट्टा निम्म्यात देतोय, घेऊ का?

गॅरेज_अण्णा
बंपरला नाही, स्टेअरिंगच्या रॉडला तर अजिबात नाही. चासीला टोचनचा हुक असेल तिथं, नसेल तर चासीच्या आडव्या मेंबरला, आणि कडेला धार असली तर पट्ट्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. वापरलेला घेऊ नका, क्रेनवाला पट्टा विकतो म्हणजे त्याला तो उचलायला नकोसा झालेला असतो. लिफ्टिंगचं सामान मिळतं तिथनं नवीन घ्या, शिवलेलं लेबल आहे का बघा, आणि घरी सीटमागं ठेवा, बॅटरीजवळ नको, ॲसिडनं पट्टा खराब होऊ शकतो.