मदत हवी आहे : गच्चीवरच्या कबुतरांची 'निवड' मोजायची कशी?

नमस्कार मंडळी. मुक्काम बडोदा, दांडिया बाजार. भाची मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला प्राण्यांच्या वर्तनावर छोटा प्रकल्प करायचाय, आणि गच्चीवर ज्वारी टिपायला कबुतरं रोज हजर असतात.

तिच्या डोक्यात मानसशास्त्रज्ञ हर्नस्टाइनचा 1961 चा प्रयोग आहे. पेटीत कबुतरापुढे दोन बटणं. दोन्हींवर दाणा अनियमित अंतराने मिळतो, पण एकावर जास्त वेळा. कबुतर सगळ्या चोची तिकडेच मारत नाही. दाणा ज्या प्रमाणात मिळतो, साधारण त्याच प्रमाणात दोन्हीकडे टोचतं. आमच्याकडे बटणांऐवजी दोन थाळ्या, एकीत दुप्पट वेळा चिमूट टाकायची.

माझी शंका अशी, की थवा दोनास एक असा विभागला गेला तरी एकेका कबुतराबद्दल काय कळलं? भरल्या थाळीवर धक्काबुक्की झाली की दुबळी पाखरं दुसरीकडे सरकणारच. कुणी काही न निवडताही आकडे जुळतील! शिवाय एक उडालं की सगळी भुर्र. प्रयोगशाळेत पक्षी एकटा असतो, त्याचं वजनही पोटभर खातानाच्या 80 टक्क्यांच्या आसपास ठेवतात. आमचे पाहुणे पोळातल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, पाखरांना दाणे घालायच्या चबुतऱ्यावर जेवून येतात, वर शेजारचे काका मधूनच गाठिये भिरकावतात. त्यांना सांगणार कोण?

दुसरा पर्याय वेळेचा. ठरावीक अंतरानेच दाणा मिळत असला की कबुतर खाल्ल्यावर थांबतं आणि वेळ जवळ येईल तसं भराभर टोचू लागतं. पण ते सेकंद-मिनिटांचं घड्याळ. सकाळी कठड्यावर जमण्यात उजेडाचा भाग आहे, डब्याच्या झाकणाच्या आवाजाचाही असेल. भाचीला हे पटत नाही.

तर बिनखुणेच्या थव्यावर निवडीचा प्रयोग होईल का, की वेळेचाच धरावा? पिंजऱ्यात कोंडायचं नाही, ही आईची अट आहे.

प्रतिसाद :
ताई, थाळ्यांचाच करा, फक्त थवा मोजू नका. पंखांवरचे पट्टे, ठिपके, एखादं पांढरं पीस यांवरून चार-पाच कबुतरं ओळखू येतात. मोबाइलवर चित्रण करून त्यांतलं प्रत्येक कुठल्या थाळीवर किती वेळ होतं ते लिहा. थाळ्यांच्या जागा अधूनमधून बदला, नाहीतर नुसती डाव्या बाजूची सवय मोजाल. गर्दी विरळ असतानाचे आकडे वेगळे ठेवा. विभागणी धक्काबुक्कीमुळे होत असेल तर तेव्हा बहुतेक जण भरल्या थाळीवरच दिसतील.

झाकणाची शंका रास्त आहे. भलत्या वेळी वाजवून पाहा, दाणा मात्र टाकू नका. काकांना सरळ नोंदी घ्यायला बसवा, हात गुंततील.

आणि वाळलेली विष्ठा झाडू नका, ती धूळ फुफ्फुसांना वाईट. मास्क लावून, पाणी मारून मगच गच्ची धुवा.