मदत हवी आहे: बसने जात नाही, तरी पगारातून १,८०० कापले

घाईत_आहे: स्लिपवर 'ट्रान्सपोर्ट रिकव्हरी' १,८००. कंपनीच्या बसमध्ये मी पाऊलही ठेवत नाही. एचआर म्हणतंय, सगळ्यांचेच कापतो. चालतं का हे? उद्या भेटायचंय, पटकन सांगा.

कलमबहाद्दर: नाही चालत. वेतन संहिता २०१९, कलम २२: सोय कर्मचाऱ्याने स्वीकारलेली हवी आणि कपात तिच्या किमतीपेक्षा जास्त नको. शिवाय कलम १८ प्रमाणे अशा कपातीला सरकारी आदेश लागतो. त्याची प्रत मागा.

जुना_खाक्या: पगार किती? २४,००० च्या वर असेल तर विसरा.

कलमबहाद्दर: ती मर्यादा १९३६ च्या कायद्यातली हो. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, तिच्यात कपातीला पगाराची अट नाही.

पगारबिल: थांबा दोघं. नियुक्तिपत्रात बस आहे का? फॉर्म भरला होतात?

घाईत_आहे: भरला की, रुजू होताना. स्टॉपही लिहिला होता. मार्चपासून स्कूटरने जातो, ड्रायव्हरला सांगितलंय. कपात जुनीच आहे, लक्ष आत्ता गेलं.

पगारबिल: अहो, मग हे आधी सांगायचं! तो फॉर्म म्हणजेच स्वीकृती. ड्रायव्हरला सांगून पेरोलमधलं नाव निघत नाही. आजच एचआर आणि पेरोल दोघांना मेल टाका: रूट, स्टॉप, शेवटच्या प्रवासाची तारीख, कपात कधीपासून थांबवायची. पास असेल तर परत करून पोच घ्या. पेरोल महिनाअखेरच्या आधीच लॉक होतो, चुकलात तर आणखी १,८०० गेले.

स्कूटरप्रेमी: इलेक्ट्रिक घ्या, बसपेक्षा स्वस्त.

जुना_खाक्या: बसचं बिलही मागा. बिल ७२,००० आणि ४० जण असतील तर १,८०० बरोबर. ४५ जणांचे कापत असतील तर ८१,००० होतात, वरचे ९,००० कुठे जातात?

करसल्ला: चालकासह १३ पेक्षा जास्त आसनांची बस असेल तर कंपनीला जीएसटीचं क्रेडिट मिळतं.

कलमबहाद्दर: ते कंपनीने बघावं, इथे कोणी विचारलंय? घाईत, मार्चपासूनचे परत मागा. नाही दिले तर संहितेखाली दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे. बसच्या स्वाइप नोंदी जोडा.

घाईत_आहे: स्वाइप नाही, वहीत सही करतात.

पगारबिल: मग उद्या भेटायच्या आधी मार्चपासूनच्या पानांचे फोटो काढा. वही कंत्राटदाराकडे असते, महिना संपला की सापडत नाही.